चमचाभर शिजलेलं

काचेच्या कारखान्यात भट्टीपाशी राबणाऱ्यांचं जेवण काकूंच्या हातचं. त्या कुणाच्या सख्ख्या काकू नव्हेत, पण कँटीनच्या मोठ्या पातेल्यापाशी उभ्या राहिलेल्या बाईला सगळे काकूच म्हणायचे. आणि काकूंच्या हातातली पळी म्हणजे राणीची तलवार, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

थंडी सरता सरता काकूंनी शिजलेलं अन्न सोडलं. कारण सांगण्यासारखं नव्हतं. एका दुपारी काकडी चिरताना तिचं टोक सहज दाताखाली गेलं आणि काड्कन आवाज झाला, एवढंच. पण जिचं आयुष्य वाफेत आणि खदखदीत मऊ होत आलं होतं, तिला तो आवाज कुणीतरी आतून हाक मारावी तसा वाटला. दुसऱ्या दिवशी दूध गेलं, लोणी गेलं, चहा गेला. उरलं ते गाजर, कोबी, भिजवलेले बदाम, मोड आलेली कडधान्यं आणि दिसेल ते फळ.

काकूंचे यजमान कारखान्याच्या फाटकावर राखणीला असत. फाटक सोडून जायची सोय नव्हती, म्हणून डबा घरचाच.

"मी काय बैल आहे का?" डब्यात डोकावून ते म्हणाले.

"बैल कुरकुर तरी करत नाही."

"हे बघ, तू खा काय खायचं ते. पण मला..."

"घरात चूल आहे, पातेलं आहे. मी काही हात धरलेत तुमचे?"

आता ज्या माणसाला पाणी उकळलं की नाही हेही बायकोला विचारावं लागतं, त्यानं काय शिजवावं? यजमान निमूट गाजर चावू लागले.

काकूंचं अंग हलकं झालं, पण जीव थाऱ्यावर राहिना. भूक आता वेळेवर येत नव्हती. घरात मांजर फिरावं तशी अंगभर फिरायची. पाय एका जागी ठरत नव्हते. उभ्या उभ्या त्या एप्रनच्या खिशातला बदाम तोंडात टाकायच्या, कोबी चिरता चिरता गुणगुणायच्या:

*पानावरी पान, पदरात पदर,*
*कोबीबाई, पोटी काय, लागेना खबर.*

अडचण एकच होती. रस्सा चाखायचा कसा? पूर्वी तळहातावर थेंब घेऊन त्या जिभेला लावायच्या आणि मीठ जाणायच्या. आता शिजलेलं तोंडात घालायचं नाही म्हणजे नाही. मग त्यांनी युक्ती काढली. रस्सा तयार झाला की वाटीभर झाकून फाटकाशी न्यायचा.

"बघा हो, मीठ कसंय?"

यजमान डोळे मिटून घोट घ्यायचे. "फक्कड. बोट ठेवायला जागा नाही."

त्या भरवशावर पातेलं टेबलांकडे जायचं.

आधी टेबलावरची मिठाची बरणी या हातातून त्या हातात फिरू लागली. मग टोमणे आले. "काकू, आज पातेलं नदीत बुडवून आणलंत का?" काकूंनी ते हसण्यावारी नेलं. भट्टीवाल्यांच्या जिभा उष्णतेनं करपल्यात, त्याला मी काय करू? पण एका दुपारी भट्टीवर सगळे ज्याला बुटका म्हणत, त्याच्या पायात गोळे आले आणि तो काच फुंकायची नळी हातात धरूनच खाली बसला. पोरं पाय चोळत होती, बुटका दात आवळून छताकडे बघत होता.

संध्याकाळी कँटीनचे साहेब पातेल्यापाशी आले. आवाज चढवला नाही, तेच जड गेलं.

"काकू, ही माणसं दिवसभर घामावाटे मीठ सांडतात. ते तुमच्या रश्शातून परत मिळायचं. उद्याही असंच झालं तर पळी दुसऱ्याकडे देतो. तुम्ही आपल्या भाज्या चिरा. तसंही कच्च्यावरच मन आहे तुमचं."

दुसऱ्या दिवशी काकूंना धीर नव्हता. रस्सा उकळला, त्यांनी घाईनं वाटी भरली आणि फाटक गाठलं. यजमानांनी घोट घेतला, मान डोलावली.

"मीठ अगदी नेमकं पडलंय आज."

आणि काकूंना आठवलं. मिठाचा डबा अजून फळीवरच होता. चिमूटभरही पडलं नव्हतं.

"अहो, यात मीठच नाही."

यजमानांनी वाटीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "नाही?" पुन्हा एक घोट घेतला. "पण गरम आहे ना गं."

काकूंनी वाटी परत घ्यायला हात पुढे केला.

"हे बघ," ते वाटीच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "दिवसात एवढीच एक गरम वाटी मिळते मला. नावं ठेवली आणि तू आणायचीच बंद केलीस तर?"

रागावावं की हसावं, हे ठरवायला वेळ नव्हता. काकू धावत परतल्या. भट्टीकडून बुटका लंगडत पाणी प्यायला आला होता. घाम वाळून त्याच्या बनियनवर पांढरे पट्टे उमटले होते, ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तसे.

"इकडे ये रे. चाख हे."

"मी? पळीला हात लावला म्हणून मारणार नाही ना?"

"चाख म्हणते ना."

त्यानं चाखलं, तोंड वेंगाडलं. काकूंनी मूठभर मीठ टाकलं, ढवळलं, आणि त्यांना क्षणभर थांबावंसं वाटलं. मग चमचा स्वतःच्या तोंडात घातला. त्यांच्या जिभेला पुरेसं होतं.

"अजून," बुटका म्हणाला.

पुन्हा मीठ, पुन्हा दोन चमचे. काकूंना आता खारट लागलं.

"अजून."

तिसऱ्या वेळी मीठ जिभेला झोंबलं, डोळ्यांत पाणी तरळलं. बुटक्यानं मात्र चमचा चाटून पुसून परत दिला. "हां. आत्ता कसं."

कच्चं, अळणी खाऊन काकूंची जीभ धुतल्या पाटीसारखी कोरी झाली होती, तिच्यावर बारीक रेघही ठळक उमटत होती. म्हणजे आपल्याला झोंबेल तिथे यांचं नेमकं. हे काकूंनी मनाशी घट्ट बांधलं. पण झोंबतंय की नाही, हे रोज चाखल्याशिवाय कळायचं नाही, हेही त्याच गाठीत आलं.

त्या दुपारी मिठाची बरणी टेबलावर जागची हलली नाही. साहेबांनी पावानं ताटली पुसली आणि पुन्हा पुढे केली. काकूंनी पळी भरली.

मग त्या फाटकाशी गेल्या. या खेपेला वाटी नव्हती, चांगला वाडगा होता, वर पाव.

"मीठ विचारत नाहीस?"

"नाही. खा नुसतं. उद्याही आणीन, परवाही."

यजमान खाऊ लागले. काकूंनी फाटकाला पाठ टेकून गाजर काढलं. काड्कन.

"आज चाखलंस म्हणे?"

"चमचाभर."

"मग मोडलं की गं तुझं."

"चमचाभरच मोडलं."

जिभेवर मीठ अजून चुरचुरत होतं आणि गाजर त्यावर जास्तच गोड लागत होतं. बरं वाटत होतं की वाईट, त्यांना ठरवता येईना. गाजर संपायच्या आत त्यांनी पाठ सोडवली आणि त्या कँटीनकडे चालू लागल्या.

"अगं, बस की जरा," यजमान मागून म्हणाले.

"तुम्ही बसा," काकू चालता चालता म्हणाल्या. "माझे पाय ऐकत नाहीत."