कोऱ्या गुणपत्रिकांवरच्या सह्या

कोर्टाची नोटीस हातात पडली तेव्हा मी ऑपरेशन थिएटरबाहेर उभ्याउभ्या चहा पीत होते. चहा तसाच ठेवून वाचली. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी आमच्या हॉस्पिटलने एक भूलतज्ज्ञ नेमला होता. ज्या डॉक्टरबाईंना डावललं, त्यांनी निवडीला आव्हान दिलं होतं. मीही भूलतज्ज्ञ, त्यामुळे निवड समितीवर विषयाची जाणकार म्हणून मी होते. नोटिशीसोबत बाईंच्या मुलाखतीच्या गुणपत्रिकेची प्रत होती. अनुभवाला वीसपैकी तीन, आणि खाली माझी सही.

तीन! त्या बाईंनी बारा वर्षं एवढ्याएवढ्याशा जिवांना भूल दिली होती. मुलाखत मी घेत होते आणि शिकत मीच होते. हे तीन मी दिलेच नव्हते. मी काहीच दिलं नव्हतं. मुलाखती संपता संपता थिएटरमधून बोलावणं आलं आणि नेहमीप्रमाणे मी कोऱ्या पत्रिकांवर सह्या ठोकून पळाले. आमच्याकडे हीच रीत. अधीक्षक म्हणतात, "तुम्ही जा मॅडम, आकडे आम्ही भरतो." आपण जातो, कारण तिकडे टेबलावर पेशंट असतो.

अधीक्षकांनी प्रतिज्ञापत्र तयारच ठेवलं होतं. "गुण मी स्वतः विचारपूर्वक दिले, एवढंच लिहिलंय. करा सही."

"आणि नाही केली तर?"

"तर कोऱ्या कागदावर सही केल्याचं तुम्हीच कबूल कराल. नोकरी तुमची जाईल. आमचं काय, आम्ही कारकुनावर ढकलू." आणि हसले.

मी सही न करताच कागद पर्समध्ये कोंबून घरी आणला. आईने तो वाचला, चष्मा काढला.

"पेशंटच्या माणसांना कोऱ्या कागदावर सही करू देतेस का गं?"

"नाही."

"मग?"

मी तिच्यावर खेकसले. खरं बोलणाऱ्यावर खेकसायला मला छान जमतं.

पुढचे आठ दिवस मी भुलेचं औषध तीन-तीनदा मोजलं. सिस्टर माझ्या हाताकडे बघायच्या. लाज वाटत होती का? वाटत असेल. पण आधी भीती. पंचवीस वर्षांची नोकरी, आणि एका सहीने सगळं मुसळ केरात.

कोर्टात त्या बाई समोरच बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही. त्यांच्या वकिलाने पत्रिका पुढे धरली.

"हे गुण माझे नाहीत," मी म्हणाले. "मी कोऱ्या कागदावर सही केली होती."

बोलले एकदाची! अधीक्षकांचं तोंड उतरलं. माझ्या जिवात जीव आला. आता नोकरी जाईल तर जावो. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खाली उतरायला वळले.

"थांबा," न्यायाधीश म्हणाले. "या समितीवर तुम्ही किती वर्षं आहात?"

"सहा."

"किती भूलतज्ज्ञ निवडले?"

"नऊ."

"त्यातल्या कितींचे गुण तुम्ही स्वतः लिहिलेत?"

मी एका बाईंपुरतं उत्तर पाठ करून आले होते. त्या नऊपैकी चौघे या क्षणी थिएटरमध्ये कुणाच्या तरी उशाशी उभे होते. त्यातला कोण लायकीने आला आणि कोण आकडे भरून आणला, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

"एकाचेही नाही," मी म्हणाले.