ओडीलला सफरचंद नको होतं

बशीएवढं, लालभडक, एक जुनं बोलकं बटण आहे मी, मित्रांनो! माझ्यात कुणीही एक वाक्य बोलून ठेवायचं, मला दाबलं की मी ते ठणकावून सांगतो. एका वेळी एकच हं!

लुईझियानातल्या एका शाळेत नऊ वर्षांच्या ओडीलच्या चाकाच्या खुर्चीवर मला बसवलं. तिला बोलता येत नाही, पण उजव्या मुठीत काय जोर आहे म्हणून सांगू! अशा प्रत्येक मुलासाठी शाळा दरवर्षी खास त्याची अशी शिक्षणयोजना लिहिते. ओडीलच्या योजनेत होतं, 'सफरचंदाचा गर खाताना दहापैकी आठ वेळा बटण दाबून आणखी मागेल.' तिच्या वर्गाच्या गिड्रीबाईंनी माझ्यात भरलं, "आणखी हवं!" पहिले काही आठवडे आमची धमाल! बाई टाळ्या वाजवायच्या, मी फुगून टम्म.

पण पुढच्या वर्षी तेच वाक्य. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, नुसती तारीख नवी. ओडील मला ढकलून द्यायला लागली. माझ्या फटीत गर वाळून खडखडीत झाला. बाई वाईट नव्हत्या हो, पण मुलं एकोणीस आणि त्या एकट्या.

यंदाच्या योजनेचा मसुदा शाळेतल्या बैठकीच्या आदल्या दिवशी घरी आला. थोरली बहीण सेलेस्ट भडकलीच.

"आजी, आता म्हणे दहापैकी चार वेळा दाबलं तरी चालेल. गर तोच! ही बारा वर्षांची आहे की बारा महिन्यांची?"

आजी झिंग्यांचा रस्सा ढवळत होती. "मला काय विचारतेस? जिला खायचंय तिला विचार!"

सेलेस्टने चमचाभर रस्सा भरवला. ओडीलची मूठ खुर्चीच्या फळीवर दाणकन!

"तिखट आहे गं, आजी."

"असू दे. माझी नात आहे ती, पाहुणी नाही."

मग सेलेस्टने एकेक वाक्य म्हणून दाखवलं. ज्यावर मूठ आपटली, तेच माझ्यात भरलं.

बैठकीला ओडीलला कधीच बोलावत नसत. आजीने खुर्ची सरळ आत ढकलली. बाई वाचू लागल्या, "मागच्या वर्षीप्रमाणेच..."

"पुरे तुमचा गर! तिखट झिंगे द्या!" मी गरजलो.

ओडीलने पुन्हा दाबलं. पुन्हा!

बाईंनी कागद खाली ठेवला. "अगं बाई! तीन वर्षं तुला नको तेच मागायला शिकवलं मी. बरं, अजून काय हवं तुला?"

"तिखट झिंगे द्या!"

"ते कळलं गं," आजी म्हणाली, "पुढे बोल!"

पुढे? माझ्याकडे वाक्यच एक! म्हणून त्या दिवशी कोऱ्या कागदावर नवी योजना लिहिली. ओडीलला चौकोनाचौकोनांचं नवं यंत्र मिळालं, प्रत्येक चौकोन दाबला की वेगळा शब्द बोलणारं. पहिला चौकोन, 'नको'. योजनेत गणितही आलं. आणि मी कपाटात आलो. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, कुणासाठी काही ठरवायचं असेल तर आधी त्याला खोलीत बोलवा. आणि आम्हा बटणांना खाऊ झाल्यावर पुसत जा, एवढीच विनंती.

काल गणिताच्या तासाला ओडीलचं "नको! नको!" कपाटापर्यंत ऐकू आलं.

"नको काय नको!" बाई कडाडल्या. "बाकीचे करताहेत ना? कर बघू!"

इतका गोड ओरडा मी जन्मात ऐकला नव्हता.