उभी केलेली गादी

रविवार, पाच जानेवारी दोन हजार पंचवीस. सकाळी सव्वाअकरा वाजता जळगावात, दीपचंद शेठच्या नव्या घराच्या वरच्या मजल्यावर, गाण्याच्या खोलीतून एक गुंडाळलेली गादी बाहेर काढण्यात आली आणि मागच्या गॅलरीत पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवण्यात आली. ती काढायला कोणी सांगितलं, असं विचारलं की त्या खोलीत येणारे घरातले चौघंही दुसरीकडे बघतात.

ती गादी मी. पस्तीसेक वर्षं मी माणसांना बसवलं, आता थोडं त्यांनी उभं राहून ऐकावं.

माझा जन्म चौऱ्याऐंशीच्या दिवाळीआधीचा. कापूस चोपड्याकडचा, लांब धाग्याचा. दाणाबाजारातल्या पेढीच्या मागच्या अंगणात हिलाल पिंजारी आपली कमान घेऊन बसला आणि तिच्या ताणलेल्या तातेवर लाकडी मोगरी मारू लागला. टँव, टँव, टँव. मी गादी होण्याआधी ऐकलेला पहिला आवाज तो. तीन दिवस तो आवाज खाऊन मी फुगले. दाभणानं शेवटचा टाका मारून हिलाल म्हणाला, "शेठ, अठरा किलो कापूस शे. उचलनारा थकी जाई, गादी नही."

आवाज खाणं हे माझ्या रक्तात आहे, ते असं.

पेढीवर मी दीपचंद शेठच्या खाली होते आणि लोड त्यांच्या पाठीशी होता. रोज सकाळी साक्रीकडचा तोताराम मापाडी येऊन मला झटकायचा, पांढरी खोळ ताणायचा, सुरकुती राहिली तर पुन्हा ताणायचा. मग शेठ पायातलं काढून वर बसायचे. आमच्या धंद्यात गादी म्हणजे नुसती गादी नसते. 'अमक्याची गादी कुठली' असं विचारतात तेव्हा पेढी कुठली हे विचारायचं असतं. गादी अंथरली म्हणजे दुकान चालू. गादी उभी केली म्हणजे दुकान उठलं. तोताराम मला धुवायला नेतानासुद्धा आडवी धरून न्यायचा, दोन माणसं लावून. बाजारातल्या कोणी उभी गादी बघितली तर संध्याकाळपर्यंत धुळ्यात बातमी पोचेल, असं त्याचं म्हणणं.

माझ्यावर बसून शेठ कापसाचा नमुना चिमटीत धरायचे. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. कोणी मोठ्यानं बोलत नसे. समोरच्या ओट्यावर दोन दलाल आपसात कुजबुजले तरी शेठ इकडून उत्तर द्यायचे, "तोताराम, त्यांना म्हणावं चहा पिऊन मग खोटं बोला." सगळे हसायचे. बाजारात म्हण पडली होती, दीपचंदचे कान कापसाला लागलेले आहेत.

ते कान कापसाला लागलेलेच होते. खाली मी, मागे लोड, भोवती कापसाच्या गाठी. शब्द सुटून कुठे पळायचाच नाही. ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही, आणि आजही आलेली नाही.

सहा वर्षांपूर्वी दुकान नवं झालं. काचेचा दरवाजा, चकचकीत फरशी, काचेचं टेबल. आणि एक खुर्ची, चाकं असलेली, काळी, गोल फिरणारी. तिच्या अंगात किलोभरही कापूस नव्हता. नुसती फुगवून आणलेली. शेठ तिच्यावर बसले तेव्हा तिनं 'फुस्स' असा आवाज काढला. मला त्या आवाजाचा आजही राग येतो. ज्या माणसाच्या बसण्यानं मी पस्तिशीला आले, त्याला ती एका दिवसात फिरवायला लागली.

लोड घरी शेठच्या झोपायच्या खोलीत गेला. मी माळ्यावर. म्हणजे पाठीला आसरा मिळाला आणि ज्यानं सगळं वजन पेललं त्याच्या वाट्याला कोळिष्टकं. लोड माझा सख्खा भाऊ, एकाच कापसाचा. तरी सांगते, त्या दिवसापासून मला तो बघवत नाही. लोक म्हणतील, गादीच्या पोटात दुखतं. दुखतंच. माझ्यात पोटाशिवाय दुसरं आहे काय?

नव्या दुकानात शेठना ऐकू येईनासं झालं. गिऱ्हाईक बोललं की काचेवर आपटून फरशीवर, फरशीवरून छताला. शेठ म्हणायचे, "काय?" गिऱ्हाईक ओरडायचं, मग आणखी घुमायचं. मुलानं कानाचं मशीन आणलं. ते शिट्टी वाजवायचं. शेठनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मुलानं शेठना घरी ठेवलं. "आता तुम्ही आराम करा," असं तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, म्हणून तेवढं ऐकू गेलं.

घरही नवंच होतं. तिथेही फरशी, काच आणि गुळगुळीत भिंती. शेठ तिथेही 'काय?' म्हणू लागले. मग ते 'काय?' म्हणायचेही थांबले. धापूबाई, त्यांची बायको, पन्नास वर्षांची सवय म्हणून बोलत राहायच्या. ते ताटाकडे बघत जेवायचे. मी माळ्यावरून ऐकत होते. एका घरात दोन माणसं आपापलं बोलणं गिळत होती, आणि सगळे म्हणत होते, वयच झालं.

आता अखिलकडे येते. हा शेठचा नातू, वय सत्तावीस, दिवसा दुकान, बाकी वेळ गाणी. त्यानं वरची खोली गाण्यासाठी घेतली. मोठे दोन स्पीकर आणले, छातीएवढे. बारा बाय बाराची चौकोनी खोली, आत एक दिवाण नाही की पडदा नाही. पहिल्या दिवशी स्पीकरवर तबला लावला तर तो पिंपात वाजवल्यासारखा वाजला. धुळ्याचा त्याचा मित्र भूषण आला, खोलीच्या मध्ये उभा राहून त्यानं टाळी वाजवली. भिंतींनी 'टण्ण्ण' करून ती परत दिली.

"तुझ्या खोलीला स्पीकर नको, डॉक्टर पाहिजे," भूषण म्हणाला.

मग घरातल्याच वस्तूंनी उपचार सुरू झाले. प्रत्येक वस्तूला बोलावणं आलं. मला नाही. आधी चटई. जळगावची प्लॅस्टिकची चटई, हिरव्या मोरांची. चार चटया भिंतीवर ठोकल्या. आवाजाला काडीचाही फरक पडला नाही, फक्त मोर उभे राहिले. मला किती बरं वाटलं. मग अखिलच्या बायकोनं, विधीनं, सासूच्या जुन्या साड्यांचा दुहेरी पडदा शिवून खिडकीवर लावला. त्यानं थोडं काम केलं, हे मला कबूल करावं लागतं, आनंदानं नाही.

त्यानंतर अखिलनं अंड्यांचे ट्रे आणले. करड्या पुठ्ठ्याचे, पन्नास. मोबाइलवर कोणीतरी सांगितलं होतं. जैनाच्या घरात. जिन्यातच धापूबाई भेटल्या.

"हे काय आहे?"

"पुठ्ठा आहे, दादी. आवाज मऊ करतो. एकदम कोरे आहेत, अंडं बघितलेलंसुद्धा नाही त्यांनी."

"त्यांनी बघितलं नसेल. पण आपण कशासाठी जन्मलो हे त्यांना माहीत आहे ना?"

पन्नास ट्रे चिमट्यानं धरून फाटकाबाहेर गेले. मला हसू आलं. पण तो पुठ्ठासुद्धा निदान कोणाच्या तरी डोळ्यांत आला होता, हेही मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

नोव्हेंबरात विधी म्हणाली, "माळ्यावर पेढीची गादी आहे ना? खाली बसून ऐकायला बरी." मला उतरवलं. खोळ फाटलेली होती. नवी शिवून होईपर्यंत अखिलनं मला गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि दोन्ही स्पीकरच्या मागे, कोपऱ्यात, उभी केली. जन्मात पहिल्यांदा. त्याला यातलं काही माहीत नाही. तो खुर्चीच्या जमान्यातला.

त्याच दुपारी कुरिअरनं आठ पॅनल आले. काळा स्पंज, अंगावर टोकं टोकं, बोटभर जाडीचे. पाच वाजेपर्यंत ते भिंतीवर चिकटले. अखिलनं तबला लावला. डग्गा डग्ग्यासारखा वाजला. घुमणं गेलं.

"काय जादू आहे पॅनलची," अखिल म्हणाला.

आता नीट ऐका. बोटभर स्पंज बारीक, टोकदार आवाज अडवतो, बस. डग्ग्याचा जड घुमारा कोपऱ्यात जाऊन साचतो, आणि कोपऱ्यात अठरा किलो कापूस घेऊन मी उभी होते. तो सगळा मी गिळला. पण एका दिवशी दोन बदल झाले की श्रेय दिसणाऱ्याला मिळतं. भूषणनं पॅनलचे फोटो काढले, आठही कोनांतून. एका फोटोत माझी सुतळी आली होती, ती त्यानं कापली. फोटोतून, म्हणजे. मी त्या आठ काळतोंड्यांकडे बघत रात्रंदिवस जळत राहिले. कापूस असून पेटले नाही एवढंच.

दोन दिवसांनी शेठ पहिल्यांदा वर आले. दारातच थांबले.

"गादी उभी कोणी केली?"

अखिल हसत काहीतरी सांगू लागला. शेठचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. कोपऱ्याशी आले, माझ्यावर हात ठेवला आणि शेजारच्या स्टुलावर बसले. चेहरा असा की दुकान आत्ता उठलंय. मागून धापूबाई जिना चढून आल्या. दम लागला होता, ओरडायची ताकद नव्हती. हळूच, स्वतःशीच म्हणाल्या, "गुडघे दुखतात म्हणून देवळात येत नाहीत, आणि इथे चढून आले."

"देवळात तू असतेस," शेठ म्हणाले.

धापूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग पुन्हा तेवढ्याच हळू आवाजात विचारलं, "ऐकू आलं?"

"न यायला काय झालं? कानात बोललीस की."

त्या चार हात लांब होत्या.

अखिलनं पॅनलना हात लावून नमस्कार केला. मी तिथेच होते.

शेठ जाताना मात्र माझ्याकडे वळले. "राहू दे तिला," म्हणाले. "पण उभी आहे असं बाहेर बोलू नका."

त्या दिवसापासून रोज सकाळी साडेअकरा वाजता दोघं वर यायची. शेठ स्टुलावर, मला खांदा टेकून. धापूबाई पेपर वाचायच्या, आधी बाजारभाव, मग निधनवार्ता. फैजपूरच्या केळीवाल्यांच्या मुलाचं लग्न कोणाशी ठरलं, तोतारामच्या सुनेनं सासऱ्याला काय सुनावलं, सहा वर्षांचं सगळं साठलेलं निघालं. कधी भांडायचीही. भांडण हळू आवाजात करता येणं ही या घरात किती मोठी गोष्ट होती, ते फक्त मला माहीत. खरं सांगायचं तर मला धापूबाईंचाही हेवा वाटायचा. त्यांचा शब्द शेठपर्यंत पोचवणारी मी, आणि शेठ बघायचे त्यांच्याकडे.

चार जानेवारीला, शनिवारी, तोताराम भेटायला आला. आता तोही थकलाय. साक्रीहून भरताची वांगी घेऊन आला होता. त्याला वर आणलं. माझ्यासमोर येऊन तो थांबला, सवयीनं माझ्यावरची धूळ हातानं झटकली आणि अगदी तोंडातल्या तोंडात म्हणाला, "गादी उभी कसाले शे, शेठ? पेढी उठनी का?"

मला वाटलं, शेठना हे ऐकू जायला नको. पण मी माझं काम चोख करत होते. प्रत्येक अक्षर गेलं.

शेठ वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. तोताराम ओशाळला. "मी तीस वरीस हिले आथरी, म्हनीसन इचारं," म्हणाला. चहा न घेता गेला.

त्याच संध्याकाळी विधी अखिलला म्हणाली, "उद्या भूषण सगळ्या मित्रांना घेऊन येतोय, व्हिडिओ काढणार आहेत. ही कोपऱ्यातली वळकटी किती वाईट दिसते." अखिल म्हणाला, "बघू."

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मी गॅलरीत होते.

इथून खोलीची खिडकी दिसते. साडेअकराला दोघं वर आली. धापूबाईंनी पेपर उघडला. पहिली ओळ वाचली. "काय?" त्यांनी पुन्हा वाचली. "काय?" तिसऱ्यांदा त्या ओरडल्या, आणि भिंतींनी ते ओरडणं उचलून चौपट केलं. शेठनी दोन्ही हात कानांवर ठेवले. मग उठले आणि कठड्याला धरून खाली गेले. आठही पॅनल आपल्या जागी होते. एकानंही चूं केलं नाही.

दुपारी मंडळी आली. भूषणनं टाळी वाजवली. "जरा घुमतंय रे." अखिल म्हणाला, "अॅम्प्लिफायर जुना झालाय, बदलतो."

माझी मागणी एवढीच आहे. लाज उभ्या गादीची असते, गादीची नसते. मला त्याच खोलीत आडवी अंथरा, पांढरी खोळ घाला आणि त्यांना वर बसवा. पाठीशी लोड आणलात तरी मी आता काही म्हणणार नाही. हे चौघांपैकी एकालाही सुचलेलं नाही. टाकीचं पाणी गळतं. खालून मी ओली होतेय, आणि ओला कापूस काहीच ऐकत नाही.

परवा धापूबाईंनीच चौकशी केली. गादी कोणी काढायला लावली? अखिल म्हणाला, विधीनं. विधी म्हणाली, मी फक्त बोलले होते, दादाजींनी सांगितलं असेल. मग खाली दिवाणखान्यात जाऊन शेठना विचारलं, तीनदा.

त्यांना प्रश्न ऐकू गेला नाही.