टेलरबाईंनी उसवलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना मानेचा पट्टा आहे. स्पंज, वर सुती कापड आणि आत प्लॅस्टिकची ताठ पट्टी, एवढाच माझा संसार. कारखान्यातून माझ्यासारखे ढिगाने बाहेर पडतात, त्यामुळे माझ्या जन्माचं कुणी कौतुक केलं नाही.

मी आलो तो थेट टेलरबाईंच्या गळ्यात. आमवाताने त्यांची बोटं आधीच वाकडी केली होती, आता दुखणं मानेत चढलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून बजावलं, "मानेतले वरचे मणके सैल झालेत. वाकलात की पुढे सरकतात. मागचा मज्जारज्जू दाबला गेला तर हातापायातलं बळ जाईल. गोळ्या चुकवू नका, पट्टा घाला, आणि हाताला मुंग्या आल्या तर लगेच या."

गोळ्या बाईंनी नेमाने घेतल्या. माझ्याशी मात्र त्यांचं पटेना. मान ताठ राहिली की सुईखालची शिवण दिसायची नाही, आणि माझी स्वतःची शिवण तर त्यांना बघवतच नव्हती. आयुष्यभर लोकांच्या कॉलरी शिवलेल्या बाई त्या. एका दुपारी त्यांनी मला सरळ उसवलं, ताठ पट्टी काढली आणि मऊ अस्तर लावलं.

दुकानात इस्त्रीचं काम त्यांचे यजमान करत. ते म्हणाले, "अगं, डॉक्टरांनी दिलेलं कशाला उसवतेस?"

"डॉक्टरांना कुठे कॉलर शिवता येते? आता बघा, कशी बसलीय."

बसलो होतो खरा झकास. फक्त कामाचा उरलो नव्हतो. ताठ असतानाही मी मणके जागेवर धरत नव्हतो, मान फार वाकू देत नव्हतो इतकंच. आता तेही गेलं. बाई खुशाल वाकू लागल्या आणि गळ्यात पट्टा दिसतोय म्हणून यजमान निर्धास्त राहिले. याचं मला अजून वाईट वाटतं.

मग बाईंच्या हातातून कात्री निसटू लागली. "हात घामेजलाय," त्या म्हणायच्या. एक दिवस त्यांना स्वतःच्या झग्याचं बटण लावता येईना.

"मुंग्या येतात का गं?" यजमानांनी विचारलं.

"येतात," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही दुकान बंद करायला लावाल म्हणून बोलले नाही."

यजमान उठले. त्यांनी चिंध्यांच्या टोपलीतून माझी पट्टी शोधली, जन्मात पहिल्यांदा सुई हातात घेतली आणि ती पट्टी पुन्हा आत शिवली. टाके इतके वाकडे, की शिकाऊ मुलानेही उसवले असते. मग बाईंना रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं.

ऑपरेशन झालं. स्क्रू घालून वरचे मणके एकमेकांना जखडले. हातात बळ परत आलं, अंगठा तेवढा बधिर राहिला. मान आता अर्धीच वळते, म्हणून यजमानांनी मशीनखाली लाकडी ठोकळे सरकवून ते उंच केलं.

मित्रांनो, मला जपा असं माझं म्हणणं नाही. मी खुंटीवर सुखात आहे. पण हाताला मुंग्या आल्या तर झटकून गप्प बसू नका, घरात सांगा.

परवा बाईंनी मला धुऊन वाळवलं आणि त्या वाकड्या टाक्यांवरून बराच वेळ बोट फिरवलं. कात्री शेजारीच होती. त्यांनी एकही टाका उसवला नाही.