मागच्या बाजूचं नाव

या, जरा पुढे सरका. देवळाच्या खांबाला टेकलात की डोळा लागतो, मला ठाऊक आहे. एक गोष्ट सांगायची आहे, आणि आधीच बजावतो, रागाने सांगणार आहे. प्रवचनाला बसणाऱ्याने राग गिळावा म्हणतात. चार वर्षं गिळतोय, उतरत नाही.

आमच्या नागोयात, बंदराकडच्या गल्लीत तोकुएबाईंचं तोफूचं दुकान आहे. बाई सत्तरीच्या. त्यांच्याकडे एक कार्ड होतं, पूर्वी कारमेलच्या डबीत निघायचं तसलं, तळहातात मावणारं. वर सात शेपट्यांचा कोल्हा रंगवलेला. अठ्ठेचाळीस कार्डांच्या संचातलं हे एकतिसावं, फार थोडं छापलेलं. ते निघालं होतं बाईंच्या थोरल्या भावाला, तात्सुजीला.

तेव्हा पोरं कार्डावर कार्ड आपटून खेळायची. उलथलं की जिंकणाऱ्याचं. पण गल्लीचा एक कायदा होता: मागे नाव लिहिलेलं कार्ड कुणी डावावर मागायचं नाही. सात वर्षांच्या तात्सुजीने जीभ बाहेर काढून, पेन्सिल दाबून, त्याच दिवशी नाव लिहून टाकलं आणि कार्ड आईकडे सांभाळायला दिलं. आईने ते कमरपट्ट्यात खोचलं. त्याच आठवड्यात एकोणीसशे एकोणसाठ सालचं वादळ आलं, समुद्र गल्लीत शिरला. घर गेलं, फोटो गेले, तात्सुजी गेला. त्याच्या हातचं जगात एवढंच उरलं.

आणि ते द्यायला बाईंना भरीला घातलं मी. ओहिगानच्या आठवड्यात, पितरांची आठवण काढायच्या दिवसांत, आमच्या जुनी कार्डं जमवणाऱ्या मंडळाचं प्रदर्शन देवळाच्या बाजूच्या दालनात भरतं. बाई तयार नव्हत्या. मी म्हटलं, माणसं बघतील, भावाचं नाव वाचतील. त्या नावापायी त्यांनी कार्ड दिलं.

उद्घाटनाच्या दुपारी अध्यक्ष हिरुकावा पांढरे हातमोजे घालून आले. जुन्या कार्डांतला मोठा जाणकार माणूस. वाकून, दोन्ही हातांनी त्यांनी एक पारदर्शक, कायमची बंद केलेली डबी पुढे धरली. आत कोल्हा.

“बाई, मागे कुणा पोराने गिरगटलं होतं,” ते कौतुकाने म्हणाले. “मऊ खोडरबर घेऊन तीन दिवस बसलो. आता बघा, डागसुद्धा नाही. इतकं स्वच्छ दुसरं सापडायचं नाही.”

बाईंनी डबी उलटी केली. मागची बाजू कोरी. मागून कुणीतरी खिदळलं, “अहो बाई, फुकटात आंघोळ घातली कोल्ह्याला, आभार तरी माना.”

हिरुकावा समजावू लागले की नाव असलं की कार्डाचा दर्जा उतरतो, सगळे जाणकार ते काढूनच घेतात. मळ म्हणाले ते त्याला. ज्या देवळात आम्ही दिवसभर अमिदा बुद्धाचं नाव गातो, नावानेच तरून जाऊ म्हणतो, त्याच देवळात एका लेकराचं नाव मळ ठरलं. आणि मी, गाऊन सांगितलेलं प्रवचन ऐकून डोळे पुसणारा, तिथे ठोंब्यासारखा उभा.

बाईंनी डबी फरशीवर ठेवली आणि दाराची लाकडी खीळ घालून फोडली. अध्यक्ष कळवळले, दर्जा गेला म्हणाले. मग नरमले. हवं तर नाव पुन्हा लिहून देतो म्हणाले. खिशातून पेन्सिलही काढली.

“ती ठेवा आत,” बाई म्हणाल्या. “तीन दिवस घासलंत ना? मग काय लिहिलं होतं ते सांगा.”

हिरुकावांनी पेन्सिल खिशात घातली. तीन दिवस डोळ्यांपुढे असलेलं नाव त्यांनी एकदाही वाचलं नव्हतं. बाईंनी आमच्याकडे पाहिलं. मंडळाची अकरा माणसं, सगळ्यांनी कार्ड हातात घेऊन पाहिलेलं. कोल्ह्याच्या शेपट्या सगळ्यांना मोजून पाठ. नाव इतर एकालाही सांगता येईना. मला येत होतं, पण लाजेने जीभ हलली नाही. तेव्हा गप्प बसलो, त्याचा राग हिरुकावांवरच्या रागाहून मोठा आहे.

बाईंनी कार्ड कमरपट्ट्यात खोचलं आणि निघून गेल्या. त्यावर परत काही लिहिलं नाही त्यांनी. तात्सुजीच्या हातचं नाही तर कुणाच्याच हातचं नको, एवढंच म्हणाल्या.

मागची बाजू कोरीच आहे अजून. म्हणून तुमच्याकडे मागतो. घरी जाताना एकदा तोंडाने म्हणा आणि ध्यानात असू द्या: कुरेबायाशी तात्सुजी, वय वर्षं सात.