विचारून वाढणारा डबा

श्रीविद्येनं पूजेतला डबा उचलला आणि आई किंचाळली.

थांबा. आधी डबा कसला, ते सांगायला हवं.

तंजावरजवळच्या पापनाशमला तिच्या मामांचा, डॉक्टर अनिरुद्धरावांचा, छोटा दवाखाना. तिथल्या कॅमेऱ्यांना आणि फोनना नेटच्या वायरीतूनच वीजही जाते. ती वाटणारा स्विच, म्हणजे असला डबा. मामांच्या मुलानं, साईरामनं, स्वस्तातला एक आणून भिंतीवर ठोकलाच होता. त्याच्या प्रत्येक भोकात वीज सदा उभी. श्रीविद्येनं तो पाहिला.

"हा विचारत नाही, मामा. समोर कोण आहे न बघता अठ्ठेचाळीस व्होल्ट ढकलतो. कॅमेऱ्याला पचतात. शेजारच्या साध्या डब्यातली ईसीजीच्या मशीनची नेटची वायर चुकून इथं लागली तर मशीन जळेल."

"आपल्या पंगतीत कोण विचारून वाढतं गे?" मामा हसले.

"म्हणूनच सगळे शुगरच्या गोळ्या खाता."

साईराम म्हणाला, "चुकून लागेलच कशी? वायरींना चिठ्ठ्या लावल्यात मी."

तरी तिनं दुसरा डबा मागवलाच. आधी चिमूटभर वीज पाठवून विचारणारा, पलीकडून बरोबर उत्तर आलं तरच वाढणारा, आणि वाढलं की त्या भोकापाशी पिवळा दिवा लावणारा. "पूजा झाल्यावर बदलू," मामा म्हणाले. बदलू. बरं. घाई कुणाला —

आज आयुधपूजा, खंडेनवमीची. तंजावरच्या घरी तिची पक्कड, टेस्टर, नवा डबा, सगळं पाटावर, गंधकुंकू लावून. श्रीविद्या हात जोडते, डोळे मिटते, आणि डोळ्यांपुढे पापनाशमची ती भिंत.

तिथंही आज पूजा.

तिथंही सगळं सोडवून, पुसून —

फोन. नर्स विजयलक्ष्मीअक्का आनंदात. "सगळ्या वायरी काढून लख्ख पुसल्या बघ! त्या चिठ्ठ्या किती मळलेल्या, त्याही सोलून टाकल्या. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर परत खोचते."

"कुठली कुठं, लक्षात आहे?"

"अगे, भोकं सगळी सारखीच की."

ईसीजीचं मशीन एकच. आसपासच्या गावांत कुणाच्या छातीत कळ आली की आधी मामांकडेच आणतात. ते जळलं तर —

तर डबा उचलला, आई किंचाळली. "पूजेतलं उद्यापर्यंत हलवू नये! सरस्वती कोपेल!"

"माझ्यावर कोपू दे. मशीनवर नको."

बस. काचेला दोन्हीकडून केळी बांधलेल्या, ड्रायव्हरला रस्ता दिसतो की नाही कोण जाणे. मांडीवर कुंकू लावलेला डबा. शेजारची बाई त्याला नमस्कार करते. चल ना रे. चल.

पापनाशम. स्टूल, स्क्रू, जुना खाली, नवा वर. डब्यापुरतं मामांनी न पाहिल्यासारखं केलं. वायरींना मात्र कुणी हात लावू दिला नाही. मुहूर्त उद्याचा, आणि मान विजयलक्ष्मीअक्कांचा.

सकाळी तंजावरला त्यांचा फोन. "तुझा डबा नासका आहे गे! सगळ्या भोकांपाशी पिवळा दिवा लागला, एकापाशी नाही."

"त्या भोकातली वायर कुठं जाते?"

चपलांचा आवाज. लांब गेला. परत आला.

"ईसीजीला."

"मग नासका नाही, अक्का. उत्तर आलं नाही, म्हणून वाढलं नाही," श्रीविद्या म्हणाली. "मशीन चालतंय?"

"चालतंय की. टेबलावर डॉक्टरच झोपलेत. मुहूर्ताची पहिली पट्टी त्यांचीच काढतेय."

मागून मामांचा आवाज आला, झोपल्या झोपल्याच: "साईराम, तो जुना डबा फोडून टाक. कुणाला विकू नको."