जनकाबाईच्या गोळ्या

औषधाच्या खिडकीत बसणाऱ्याला लोक दुकानदार समजतात. चिठ्ठी सरकवायची, गोळ्या घ्यायच्या, चालू लागायचं! वारंगा फाट्याजवळच्या एका दवाखान्यात फार्मासिस्ट असलेली शीतल या प्रकाराला अगदी विटली होती. औषध कसं घ्यायचं ते सांगायला तोंड उघडावं, तर माणूस पाठमोरा झालेला असे.

त्यात जनकाबाईंनी तिच्या जिवाला घोर लावला होता. क्षयरोगाचं औषध सुरू होऊन तीन महिने झाले, तरी खोकला हटेना, वजन वाढेना. थुंकीत जंतू होतेच. "आता बहुतेक जास्त कडक औषधं लागतील," असं डॉक्टर सकाळीच म्हणाले होते. बाई एकही खेप चुकवत नाही, मग औषध जातं तरी कुठे? शीतलचा नुसता चडफडाट होत होता.

दुपारी जनकाबाई आल्या. सोबत नवरा, जळबा. हळद शिजवणाऱ्या टोळीत कामाला जाणारा, हाडं वर आलेला माणूस.

"म्याडम, हिच्या गोळ्या बदलून द्या. कायच गुण न्हाई."

"रोज घेतात ना? लघवी लाल होते का त्यांची? या गोळीनं व्हायला पाहिजे."

"व्हय, होते की. माही बी होते."

जनकाबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं, पण बोलणं होऊन गेलं होतं. शीतल उठून बाहेरच आली.

"मामा, तुमची काहून होते?"

जळबानं बायकोकडे पाहिलं. जनकाबाईंचेच डोळे भरले. "त्येंनाबी खोकला हाय, ताई. तपासलं अन् टोळीला कळलं, तर कामावर कोन घेईल? म्हून माह्यातल्या अर्ध्या देते. सारी जिंदगी घास वाटून खाल्ला आमी."

"अहो मावशी, अर्ध्या घासानं अर्धं तरी पोट भरतं!" शीतलचा आवाज चढला. "अर्ध्या औषधानं चिवट जंतू मागं उरतात. मग पूर्ण औषधालाही ते जुमानत नाहीत. दोघांचाही रोग पोसला तुम्ही! आणि मामा, कढईपाशी शेजारी कोण असतं तुमच्या?"

"पुतण्या... सख्खा."

"त्याच्याच तोंडावर खोकता ना?"

जळबानं खांद्यावरचा रुमाल तोंडावर धरला. मग म्हणाला, "तपासायची डबी द्या, म्याडम. कुठं थुंकायचं ते दाखवा."

जळबालाही क्षयरोगच निघाला. त्याची औषधं त्याच्या नावानं सुरू झाली. जनकाबाईंची थुंकी पुन्हा तपासली; जंतू अजून औषधाला सरावले नव्हते, त्याच गोळ्या पूर्ण घेतल्या की भागणार होतं. थोडक्यात वाचल्या बाई!

वाचकहो, फार्मासिस्टनं दोन प्रश्न विचारले तर वैतागू नका, खरं सांगा. ज्याच्या नावाची गोळी, ती त्यानंच खायची आणि पूर्ण खायची. आपल्या माणसाची माया असेल, तर त्याला हाताला धरून तपासायला न्या.